एकच तार

डिझाइन सुचतं कुठून, असं कुणी विचारलं
की मी टेव्हियट नदीचं नाव सांगते.
खोटं नाही ते.
हॉइकच्या जुन्या पुलाच्या कठड्यावर दगडफूल उगवतं,
राखाडी, कडेला किंचित पिवळं,
त्या रंगाची लोकर मिळायला मला चौदा महिने लागले.
रंगारी ड्युगल्ड दर खेपेला जरा जास्तच हिरवी पाठवायचा.
शेवटी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल
पाकिटात घालून त्याला पोस्टानं धाडलं,
तेव्हा कुठे जमलं.
पाकिटाला दोन आठवडे वास येत होता म्हणे.

कागदावर मी उशिरा येते.
आधी वीतभर तुकडा विणते, धुते,
टाचण्यांनी ताणून वाळवते, मोजते,
आणि बहुतेक वेळा उसवते.
उसवलेली लोकर कुरळीच राहते,
कालचे टाके अंगात धरून.
मग तिला वाफ द्यायची, टोकाला चमचा बांधून
न्हाणीघरात टांगायची रात्रभर.
सकाळी ती बऱ्यापैकी विसरलेली असते.

इस्बेल ट्रनबुल गुरुवारी येते.
एकेचाळीस वर्षं गिरणीत तिनं स्वेटरांचे गळे जोडले.
हातात काही दिलं की आधी उलट बाजू बघते.
सुलट काय, म्हणते,
पाहुण्यांपुढे सगळेच नीट बसतात.

आणि वडील.
इचलकरंजीत चोवीस मागांवर जॉबर.
डाव्या हाताची दोन बोटं मागानं घेतलेली,
खटखटाटात आयुष्य गेल्यानं
साधं बोलणंही ओरडून.
एकदाच आले इथे, नोव्हेंबरात.
माझी बाही त्यांनी खिडकीपाशी नेली,
खिशातलं भिंग उघडून वर ठेवलं,
एक डोळा मिटला.

"बाणा कुठाय?"
नाही. ताणाही नाही. एकच तार,
तीच वळून स्वतःत अडकते.
"आणि ही तुटली की?"
म्हणत त्यांनी टोक ओढलं.
अख्खी ओळ सुटली, आवाजसुद्धा न करता.
ते दचकले. मागावर असं होत नाही.

मराठीत दोघांचंही विणणंच.
एका क्रियापदावरून
आम्ही बापलेक किती वर्षं भांडलो!

त्या रात्री एकेक टाका उचलत बसले मी.
ते समोर, आठ बोटांवर लड पसरून,
मी गुंडा करीन तशी ढील देत.
"ताण बघ," मध्येच ओरडले,
"हात आखडतोय तुझा."
आखडत होता.

त्या हिवाळ्यातलं कार्डिगन सर्वांत जास्त खपलं.
त्याला बटणं नाहीत.
डावा पदर रुंद, उजव्यावर येतो,
आणि एकच सैल फासा,
तीन बोटांनी लागेल असा.
लंडनच्या दुकानाला ती फॅशन वाटली.
माहितीपत्रकात लिहिलंय:
नदीच्या वळणावरून सुचलेलं.
मीच लिहिलंय ते.

पहिलं होतं ते इचलकरंजीला आहे,
ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसोबत.
तिथे थंडी म्हणजे वर्षातले चार दिवस.
फोनवर ते अजून विचारतात,
"धरलंय का गं सगळं?"
धरलंय म्हणते.

आज सुयांवर नवी पाठ आहे,
नळाच्या गंजाच्या रंगाची.
कुठेतरी एक टाका सुटलाय, मला सापडत नाही.
गुरुवार परवावर आलाय.