झाकली मूठ

पुतळा समितीचे दोघे काल आले होते,
यंग्सटाउनहून अ‍ॅक्रनला, बर्फातून तासभर गाडी हाकत.
सोबत त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी भाजलेला
अक्रोडाचा रोल.
म्हणाले, ब्राँझचा आहे, साडेसात फूट.
(एमिल स्त्राका पाच फूट दहा होता.
वजनकाट्याच्या रांगेत मी त्याच्या मागे उभा राहिलोय.)

कॉफी निवेपर्यंत बर्फावर बोललो,
माझ्या गुडघ्यांवर बोललो.
मग त्यातल्या धाकट्यानं, वही न उघडता:
"मिस्टर प्रुइट, तो तुम्हाला टाळत होता का?"

चाळीस वर्षं हेच.
अठ्ठावन्न लढती लढलो,
त्यातली एकही कुणाला आठवत नाही.
सगळ्यांना पाठ आहे ती एकोणसाठावी,
जी झालीच नाही.

तीनदा ठरली होती.
पहिल्यांदा त्याची बरगडी दुखावली.
दुसऱ्यांदा पैसे कमी पडले, कुणाला ते कळलं नाही.
तिसऱ्यांदा तर पोस्टरं लागली,
माझं नाव त्याच्या नावाच्या निम्म्या उंचीचं,
आणि हॉलच्या मालकाला ऐन वेळी आठवलं
की माझ्या रंगाचे लोक फार येतील,
खुर्च्या मोडतील.
खुर्च्या.

त्या तारखेला त्यानं माँट्रियालच्या एका थकलेल्या माणसाला
सहा फेऱ्या हळूहळू सोललं.
मी तिकीट काढून गेलो होतो, वरच्या सज्जात.
खोटं कशाला बोलू,
त्याचा डावा हात बघण्यासारखा होता.
मारायचा नाही तो,
सुईत दोरा ओवायचा.

मी टायरच्या कारखान्यात परतलो.
शनिवारी बारमध्ये कुणी ना कुणी ओरडायचं,
"हाच तो! चॅम्पियननं ज्याला पाठ दाखवली!"
आणि माझ्यापुढे ग्लास यायचा.
बाकीच्यांच्या भिंतीवर पट्टे लटकतात,
माझ्याकडे त्याचा नकार आहे.
त्या नकारावर मी किती बियर फुकट प्यायलो
याचा हिशेब कुठल्याच समितीकडे नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली असती तर कदाचित चौथ्या फेरीत
मी दोरांना लटकलेला, टॉवेल वाळत घालावा तसा,
आणि ग्लास कुणी पुढे केला असता?
हे मी त्या पोराला सांगितलं नाही.

दुसरंही सांगितलं नाही.

टोलेडोला एक डावखुरा होता, कॉर्डेल मीक्स.
काचेच्या भट्टीवर कामाला,
भुवया जळून गेलेल्या, त्यामुळे चेहरा
सदा नुकताच दचकल्यासारखा.
त्याला मी दोन फेऱ्या सराव करताना पाहिलं,
जिमच्या जिन्यावरून, कोट न काढता.
तिसरी बघायला थांबलो नाही.
घरी येताना मॅनेजरला म्हणालो, पैसे कमी आहेत.
पुढच्या वर्षी म्हणालो, बरगडी.

बरगडी ठणठणीत होती.

त्याला कुणी ग्लास दिला नसेल.
नाकारणारा चॅम्पियन असावा लागतो त्यासाठी;
मी कोण? ओथेल प्रुइट,
ज्याला टाळलं तो.

धाकटा अजून उत्तराची वाट बघत होता.
मी विचारलं, पुतळ्याच्या मुठी कशा आहेत?
"ग्लोव्हजमध्ये," तो म्हणाला.
"बरं केलंत," म्हणालो, आणि रोल कापायला घेतला.
थरथरणाऱ्या हातानं पातळ काप पडत नाहीत.
त्यांनी जाड खाल्ले.

ते गेल्यावर लायब्ररीतून मागवलेली
टोलेडोची डिरेक्टरी काढली.
मीक्स अकरा आहेत.
महिन्याभरात सहांशी बोलून झालंय:
एक पाद्री, एक नर्स,
एकीनं मला विमा एजंट समजून झापलं.

सातवा आहे सी. मीक्स.
आकडे फिरवतो, शेवटचा एक उरतो,
आणि इथे, डाव्या बाजूला,
खरंच दुखतं.