रिकीब

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे तीन हाडं काढली.
हातोडी, ऐरण, रिकीब.
म्हटलं, पहिल्या दोन तर माझ्या दुकानात आहेत.
ते हसले नाहीत. म्हणाले, त्या शाबूत आहेत,
रिकीब तेवढी गोठलीय, हलायचं नाव घेत नाही,
बाळंतपणानंतर वाढलं असेल.
धाकटा आता बारावीला आहे.

चंद्रकला आमच्या तोंडांकडे पाहत होती,
आधी त्यांच्या, मग माझ्या,
मेहरूणची बोरं निवडताना पाहते तशी,
किडकं कोणतं.

बसवणार तो तुकडा दाखवा, म्हटलं.
काचेच्या डबीत टायटॅनियम,
चार मिलिमीटर, टोकाला तारेचा आकडा.
वजन? पाच-सहा मिलिग्रॅम.
चोपड्याचा माझा काटा दहाच्या खाली बोलत नाही,
त्याला हा दिसलाच नसता.
झारेकरी माझ्या दुकानाचा केर धुऊन नेतो,
त्याच्या परातीत याहून मोठं काही चमकतं.
त्यासाठी तिच्या पाटल्या मोडल्या.
घडवल्या मीच होत्या. मोडल्याही मीच.
घट कुणाकडे मागू.

जागेपणीच करतात.
"आधी कान बधिर करून घेऊ," सिस्टर म्हणाली
आणि जीभ चावली.

जळगावच्या त्या दुसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या बाकावर,
माझी बोटं आपोआप चालत होती.
आकडा ऐरणीच्या दांडीत. आवळ. थांब.
जास्त आवळला तर हाड मरतं,
सैल राहिला तर आवाज निसटतो,
हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं,
मला! नथीचे फासे आवळण्यात ज्याचे डोळे गेले.

दाराआडून आवाज: "ताई, ऐकू येतंय?"
मग तिचा:
"वरडताय कशाले?"

आठ दिवस कानात बोळा. उठली की घर फिरायचं.
जिभेच्या एका कडेला तांबं.
चवीची नस तिथूनच जाते म्हणे, दुखावते कधीकधी.
भरीत चाखून म्हणाली, यात काय मिसळलं?
बावीस कॅरेट आहे, खा, म्हटलं मी,
पण ते तिला बोळ्यातून पोचलं नाही.

बोळा काढला त्या दिवशी
बस तापीच्या पुलावर चढली तशी तिने पदर कानावर घट्ट धरला.
तिकिटाचा कागद चुरगळतो तो आवाज,
स्वतःची गिळलेली थुंकी.
घरात पोरं अजून ओरडूनच मीठ मागतात.
एवढ्या वर्षांचे गळे, एका दिवसात कसे उतरणार.

आणि मी.
सतरा वर्षं मी तिच्याशी पाठमोरा बोलत आलो.
मान ऐरणीवर, ती मागे डाळ निवडत,
आणि मी सांगत सुटायचो:
आज एका म्हातारीला घट जास्त लावली.
तुझा बाप आजारी होता, ते पत्र मी दोन दिवस दाबलं, लगीनसराई होती.
आज तुला हा हिरवा रंग शोभतोय.
तोंडावर यातलं एकही कधी म्हटलं नाही.
विहिरीत बोलावं तसं. विहीर काय सांगणार कुणाला.

काल सवयीने निघून गेलं,
"पाटल्या काही आता परत होत नाहीत गं."
मागून सुपातली डाळ थांबली.
"काय म्हणी राह्यनात?"
फुंकणी ओठांत तशीच राहिली, ज्योत वाकडी झाली,
डाग फसला.
काही नाही, म्हटलं,
माझं मलाच ऐकू येणार नाही इतक्या हळू.
"आयकाले उनं," ती म्हणाली,
आणि सूप पुन्हा चालू झालं.

दुसरा कान अजून तसाच आहे.
वर्षभराने बघू, म्हणतात.
आज सकाळी मी ऐरण थोडी सरकवली,
उजेड नीट येत नाही, म्हटलं,
तिची डावी बाजू माझ्याकडे येईल अशी.

तिने बघितलं.
मग पाट उचलला, घरंगळणारं सूप कमरेशी धरलं
आणि पलीकडे जाऊन बसली,
उजवीकडून.