उन्हाची वेळ

सिल्लोडला बसस्टँडच्या मागं माझं सेवा केंद्र.
सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला,
रंगीत झेरॉक्स दहा रुपये.
हिवाळ्यात लेण्यांची तिकिटंही काढते:
तारीख निवडा, वेळ निवडा, माणसं किती,
गाइड हवा तर चौकटीत खूण.
चित्रापुढं पंधरा मिनिटं.
जपानहून आला तरी पंधरा,
भोकरदनहून आला तरी पंधरा.

सांडूबा आले, नातवाच्या दप्तरात आधार कार्ड घेऊन.
"एक काढ बाई. कमळवाल्याचं."
कितीची वेळ टाकू?
"ऊन आत शिरतं तव्हाची."
मी यादी वाचली. नऊ, साडेनऊ, दहा.
यादीत ऊन नव्हतं.
म्हातारा पायरीवर गेला,
आभाळाकडं बघत बोटं मोजली, परत आला.
"तीनची दे."
तीनची भरलेली. अडीचच्या दोन जागा हिरव्या.
एक दाबली.
दुसरीवर माझं बोट कसं पडलं, कुणास ठाऊक.
तासाभरावर राहते, शेकड्यांनी तिकिटं काढली,
चित्र पाहिलंय ते गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर.

मोबाइल नंबर त्यांना नव्हताच.
लेक चाकणला, शिफ्टमध्ये फोन लॉकरात.
माझाच टाकला.

गुरुवारी दुकानाला कुलूप.
घाट उतरताना एसटीच्या खडखडाटात ते बोलले,
खिडकीशी बोलावं तसे:
"वीस वर्षं पत्रा धरला मी इथं.
तव्हा आत दिवे कुठले.
मी बाहेर ओट्यावर, पत्र्यावर ऊन झेलायचो, आत फेकायचो.
आत यादव पांढरं धोतर ताणून उभा,
तो ते ऊन भिंतीवर न्यायचा.
साहेब म्हणायचे, जरासं डावीकडं.
यादव वरडायचा, सांडू, डावीकडं!
का मी डावीकडं."
आणि चित्र?
"ऊन सोडून आत जाणार कसं?
मानसं बाहेर यायची, त्यांची तोंडं बघायचो.
तोंडावरून अंदाज येतो."

पायऱ्यांशी डोलीवाले म्हणाले, बसता का बाबा.
ते म्हणाले, मी इथलाच हाय.
दाराशी पोरगा फोनवरची चौकट वाचतो, टिक् असा आवाज,
चपला काढा, फ्लॅश नको, आता आत.

आधी नुसता अंधार.
माझ्या डोळ्यांना तीन-चार मिनिटं लागली,
त्यांचा मोतीबिंदू, त्यांना किती लागली सांगता येत नाही.
गाइड वसीमभाई पाठ केलेलं हळू आवाजात सांगत होते:
मुकुट, मोत्याची माळ, झुकलेल्या पापण्या,
इकडून बघा, आता इकडून.
मला आधी खांदा दिसला,
मग मान, मग सगळं एकदम,
जसं विहिरीत वाकल्यावर पाणी दिसायला लागतं.

"खाली बघतो का गं तो?"
हो.
"हातात फूल?"
हो बाबा.
"कव्हापासनं?"
वसीमभाई थांबले. म्हणाले, दीड हजार वर्षं तरी.
सांडूबा जरा वेळ गप्प.
मग एवढंच, "हात भरून आला असंल."
आणि त्यांचा स्वतःचा उजवा हात
कधीचा खांद्याशी आलेला, तळवा वर,
किंचित डावीकडं कललेला.

शिट्टी वाजली.
चला, पुढची तुकडी.

बाहेर तीनवाले चपला काढत होते.
ओट्याच्या कडेला एका जागी ते जाऊन उभे राहिले,
तिथं खूण काही नव्हती, पायांना माहीत असावी.
ऊन त्यांच्या बोटांपर्यंत आलेलं,
उंबऱ्याला अजून चारेक हात कमी.
"बघ. अर्ध्या तासानं हुकलो."

माझ्या फोनवर निरोप आला:
आपला अनुभव कसा होता? तारे निवडा.
मी काय निवडावं ते कळेना.
वर पाहिलं तर सांडूबा माझं तोंड बघत होते,
डोळे बारीक करून, बराच वेळ,
भाव विचारायच्या आधी गिऱ्हाईक कापड बघतं तसं.
"बरं हाय म्हणायचं चित्र," ते म्हणाले.

परतीची गाडी साडेचारला होती.
ती काही वेळेवर आली नाही.