सलग

आमच्या बेटावर त्याला म्हणतात फुएर्सा मायोर.
शब्दशः, थोरलं बळ.
वीस वर्षं मी नोटरीच्या ऑफिसात हे टाइप करतेय:
पूर, वणवा, युद्ध, संप, ज्वालामुखी,
एका दमात, वाणसामानाच्या यादीसारखं.
सही करणारे तिथवर पोचेस्तोवर
घड्याळाकडे बघू लागलेले असतात.

ओब्दुलियाही तशीच बघत होती.
तिची लाँड्री वरच्या गावात,
एलिसेओचं हॉटेल खाली, काळ्या वाळूवर.
सोमवार-गुरुवार चारशे चादरी,
करार दहा वर्षांचा. चौथ्या वर्षी डोंगर फुटला.

लाव्हा तीन केळीच्या बागा अलीकडे थांबला.
हॉटेलची एक काच तडकली नाही.
पण जमिनीतून वायू येत राहिला,
ना रंग, ना वास,
तळघरात गुडघाभर साचणारा,
पाण्यासारखा, फक्त ओलं न करणारा.
मांजरं मेली. त्यांच्याशेजारी उभी माणसं
काय झालं म्हणून खाली वाकणार,
तेवढ्यात कुणीतरी ओरडलं.
मग पोलिसांनी दोरी बांधली.

कलम सतरा:
घटना सलग एकशे ऐंशी दिवस टिकल्यास
कोणत्याही पक्षास लेखी सूचनेने करार संपवता येईल.

एकशे बहात्तराव्या दिवशी एलिसेओ आला.
"सलग म्हणजे?"
मध्ये खंड न पडता, मी म्हटलं.
बरं, म्हणाला, आणि टोपी विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी परवाना काढून,
पाठीला सिलिंडर, तोंडाला मुखवटा,
पस्तीस मिनिटं आत जाऊन आला.
रिसेप्शनचे दिवे लावले,
पाहुण्यांच्या वहीत तारीख घातली,
येताना एक चादर आणली, खोली एकशे बारा,
कुणीही न निजलेली.
ओब्दुलियाने ती धुतली, इस्त्री केली,
बिल फाडलं: चादर, नग एक.
वकिलाने कपाळाला हात लावला.
पण सेवा मागितली, सेवा दिली.
मोजणी पुन्हा एकपासून.

असं तीनदा.
दरम्यान तिने दोन मशिनं विकली.
इस्त्रीवरच्या चौघी गेल्या, एक तर थेट तेनेरिफेला.
बेटाच्या पलीकडचं इस्पितळ काम देत होतं,
पण कलम नऊ आडवं:
हा करार जिवंत असेतो मोठं काम दुसरीकडून घ्यायचं नाही.

चौथ्या खेपेला ती आली
एकशे एक्याऐंशीव्या दिवशी, सकाळी आठला,
मी कुलूप काढतही नव्हते तेव्हा.
त्या खेपेला एलिसेओ आत गेलाच नव्हता.
परवाना मंजूर होता, मीच टाइप केला होता.
त्याला कुणी काही सांगितलं होतं का,
मी विचारलं नाही.

"कुणाचाही दोष नसताना" असं लिहिलं.
"पुन्हा लिही," ती म्हणाली.
ते एकदाच लिहितात, ओब्दुलिया.
"खाली पण लिही. सहीच्या वर."
लिहिलं.

कलम एकवीस: मालमत्ता पंधरा दिवसांत परत.
तीनशे शहाण्णव चादरी, घडी घातलेल्या,
पोचवण्याचा पत्ता दोरीपलीकडे.
एलिसेओ स्कूटरवर आला.
सरकारने दिलेल्या डब्यासारख्या घरात
त्याच्याकडे पलंग एक.
सगळ्या मोजल्या, मध्येच चुकला, पुन्हा मोजल्या,
पावतीवर लिहिलं, सर्व मिळाल्या,
आणि तीनच घेऊन गेला.
कुठल्या, ते तिने न विचारता काढून दिल्या.

गेल्या हिवाळ्यात माझं पित्ताशय काढलं,
पलीकडच्या इस्पितळात.
रात्री झोप नव्हती.
चादरीच्या कडेवर बोट फिरत राहिलं.
निळा दोरा कुणी नीट उसवला होता,
पण सुईची भोकं तशीच.
अंधारात मोजली.
हॉटेलचं नाव पुरतं लागलं,
शेवटचं अक्षर माझ्या कोपराखाली होतं.