रुटीन, आणि इतर तपासण्या

पहाटे पावणेसहाला माझगावात शिरते तेव्हा
पिशवीत बर्फाच्या चार थैल्या, सुया, कापूस
आणि कागदांची चवड. बहुतेकांवर तेच:
सीबीसी, युरीन रुटीन.
यमक माझं नाही, लॅबचं आहे.

पहिल्या मजल्यावर अफोन्सोमावशी बाही वर सारत विचारतात,
"काय गं, कसं चाललंय?"
"रुटीन."
म्हणजे नळाला पाणी आलं होतं,
म्हणजे भावाला अजून नोकरी नाही,
म्हणजे पुढचं विचारू नका.

मागच्या महिन्यात समोरच्या इमारतीत पोलीस आले.
"घाबरू नका, रुटीन आहे," म्हणाले,
तर अख्ख्या मजल्यानं दारं लावून
आधारकार्डं शोधली.

शाळेच्या हॉलमधली नाचाची पोरं सांगतात,
"ताई, आमचं रुटीन बसलं!"
बसलं म्हणजे आता आठ जणांचे हात
एकमेकांकडे न बघता एकदम वर जातात.
तीन महिने ओरडा खाल्लाय त्यासाठी.
आमच्याकडे ते आपोआप बसतं.
टाळ्या नसतात.

राऊतकाका लघुवाद न्यायालयात बेलिफ होते.
शीर सापडेपर्यंत बोलत राहतात.
"रूट म्हणजे वाट. फ्रेंचांची. तिचंच हे पोर, रुटीन."
"आणि आपल्यात?"
"नित्यक्रम म्हण, शिरस्ता म्हण. पण खरा शब्द वहिवाट.
माणूस वीस वर्षं एकाच जागेतून गेला,
उघडपणे, कुणी न अडवता,
की जमीन कुणाची का असेना,
जायचा हक्क त्याचा."
मूठ सोडा, मी म्हटलं. रक्त आलं होतं.

जिना उतरताना हिशेब केला.
या गल्लीतल्या कोपरांच्या खोबणीतून
एकोणीस वर्षं ये-जा करतेय मी.
अडवलं कुणीच नाही.
एक वर्ष कमी पडतंय.

मंगळवारी डॉक्टर वाघधरे माझाच कागद
दोनदा उलटून बघत म्हणाले,
"परत एकदा करून घेऊ. रुटीन आहे."
तो आवाज मला पाठ आहे.
रोज मीच काढते तो,
सुई टोचायच्या अगदी आधी.

आज नळीवर माझं नाव लिहिलं.
वय त्रेचाळीस, स्त्री, उपाशीपोटी.
अक्षर नेहमीसारखंच आलं, याचा जरा रागच आला.
नवी पोरगी, इशिता, पट्टा बांधताना
हात थरथरत होता तिचा.
वरची नको, ती पळते, मी म्हटलं, खालची बघ.
मग बर्फाबद्दल सांगितलं,
अफोन्सोमावशींच्या कुत्र्याबद्दल,
राऊतकाकांना डावा हात मागायचा, उजवा देत नाहीत,
उद्या बहुतेक तूच जाशील.

तिला शीर सापडेपर्यंत
बोलत राहिले.