धुवण

सड्यावरून डंपर येतात, दिवसाला चाळीस.
दगड पोटात तपकिरी, कडेला पिवळा,
हातात घेतला की बोटांना गेरू लागतो.
मी त्याची पूड करते, चाळते, तोलते.
काटा चार दशांश स्थळांचा;
त्याच्या काचेआड आपला श्वासही नेऊ नये.

सिलिका किती, ते मी सांगायचं.
सिलिका सोडा खाते,
आणि खाल्लेला परत करत नाही.
एक टक्का वाढला
की दिघेसाहेब डबा अर्धा टाकून उठतात.

मग कॉस्टिक, वाफ, दाब.
दगडातलं जे विरघळायचं ते विरघळतं.
लोखंड नाही विरघळत.
लाल चिखल होऊन तळाशी बसतं
आणि तिथून हलायला तयार नसतं.

वरचा निवळ द्राव थंड करून नुसता ठेवला
तर रात्रभर गप्प राहतो.
त्यात कालचे पांढरे कण सोडावे लागतात,
विरजण लावतात तसे.
मुलाखतीत मी हेच उत्तर दिलं होतं.
तिघेही हसले.
नोकरी मिळाली.

सड्याच्या मातीबरोबर करवंदीची मुळं येतात,
गवताच्या काड्या, एखादी मुंग्यांची वसाहत.
टाकीत त्यांचं ऑक्झलेट होतं, दाणा बारीक पडतो.
रजिस्टरात त्याला रकाना आहे: सेंद्रिय अशुद्धी.
तो भरताना कधीकधी जिभेवर चीक येतो.
ज्या टेकाडावर आम्ही सुट्टीभर चरलो
ते मी आता शेकड्यात लिहिते.

चिखल पाच टाक्यांत धुतात.
चिखल पहिलीकडून पाचवीकडे,
पाणी पाचवीकडून पहिलीकडे.
सगळ्यांत स्वच्छ पाणी
सगळ्यांत शेवटी उरलेल्याला.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काय न्याय आहे!
तसं नव्हतं. सोडा महाग आहे.
पाचव्या धुवणानंतरही थोडा राहतोच.
तो थोडा तळ्यात जातो,
आणि तळं खाडीपासून
एका बांधाइतकं लांब.

मंगळवारी द्वारका पालशेतकर गेटवर उभी होती.
ओटीत मुळे, सगळे तोंड उघडलेले,
हातात काचेची बाटली.
"हमदुल्यांची ना तू? मग ह्या पान्याला काय झालंय
ता सांग. मी अंगठा लावनारी,
पन आकडा सांगितलास तर ध्यानात ठेवीन."

बाटलीला कोकमाच्या आगळाचा वास होता.
विचारलं, धुतलीस ना गो?
"तीन पान्यांनी."

नऊ पूर्णांक सहा.
यंत्र पुसलं, पुन्हा बुडवलं.
नऊ पूर्णांक सहा.
समुद्र आठाच्या जरा वर असतो,
हे मला झोपेतही ठाऊक आहे.

दिघेसाहेब वाईट माणूस नाही.
माझ्या अब्बूंच्या दवाखान्यात दोन रात्री बसले होते.
ते म्हणाले, नमुना आपला नाही.
बाटली आगळाची. बाद धरा.

मी म्हणाले, साहेब, आगळ आंबट.
राहिलं असेल थोडं, तर त्यानं आकडा खाली ओढला असेल.
वर नेला नसेल.

पंखा फिरत होता. बाहेर हौद्यात
पांढरी पूड भरत होते, पिठासारखी,
कुठल्या तरी लांबच्या भट्टीसाठी.
ती गेली की आमच्याकडे तिचं काही नसतं.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
आणि काही न बोलता बाहेर गेले.

खाडीच्या पाण्याला रजिस्टरात रकाना नाही.
शेवटी एक 'शेरा' आहे,
सहा वर्षांत कुणी न वापरलेला.
तिथे मी शाईनं लिहिलं:
द्वारका पालशेतकर. खाडी, बांधाखाली. ९.६.
बाटली तीन पाण्यांनी धुतलेली.

मग मुळे परत द्यायला गेटवर गेले.
ती म्हणाली, "ठेव तुझ्याकडं.
तोलायचं असतील तुला."