कातडं तापेपर्यंत

नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे.
भिंतींना स्पंज, दाराला रबर.
आत बसलेल्या माणसाच्या हातात मी एक बटण देते,
ऐकू आलं की दाबा, म्हणते,
आणि काचेच्या या बाजूने अंगठे बघत राहते.
एकवीस वर्षं झाली.

लहानू अवघडे यांचा आलेख
आधी बरा चालला होता, मग एकदम दरी.
बत्तीस वर्षं पॉवर प्रेसवर, वागळे इस्टेट,
कानात कापसाचे बोळे एवढंच संरक्षण.
मी सांगितलं, वरचे आवाज गेलेत तुमचे.
पक्षी गेले. कुकरची शिटी.
नातवाच्या बोलण्यातले स आणि श.
ते म्हणाले, खालचं आहे ना?
खालचं आहे.
मग रविवारी संध्याकाळी या. गाळा नंबर नऊ.

हलगी मला ठाऊक होती ती खिडकी लावून घेण्यापुरती.
वरात, मिरवणूक,
गल्लीत कुणी गेलं तर तिरडीच्या पुढे.
आणि शांती, ध्यान वगैरेंच्या थापा
माझ्या धंद्यात खूप ऐकाव्या लागतात.
तरी गेले.

यंत्रं विकली गेली होती, जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले.
त्यांच्यामधून चटया.
हलगी त्यांच्या मांडीवर उताणी,
कडं तेवढं चकाकणारं.
खाडीची दमट हवा, कातडं सैल पडलेलं.
हिचा उलटा कारभार, ते म्हणाले,
ताप चढला की बरी होते.
समोरच्या रामसमुझने इस्त्रीचं झाकण उघडून निखारे पुढे केले
आणि लहानू ती त्यावर फिरवत बसले,
भाकरी फिरवावी तशी, पण घाई न करता.
केस जळल्याचा, गोठ्याचा वास.
मधूनच गाल टेकवून बघायचे.
कानाला नाही कळत आता, गालाला कळतं.

टिपरू त्यांनी बाजूला ठेवलं.
नुसती बोटं.
पहिला आवाज मला चटईखालून आला.
साधारण ऐंशी हर्ट्झ, मी मनात टिपून घेतलं.
दुसरा. तिसरा. चौदापर्यंत मोजले,
मग दोन ठोक्यांमधली जागा एवढी वाढली
की मोजायला हाती काही उरेना.

आई दुपारी थोपटायची.
झोप लागली समजून तिचा हात हळू व्हायचा
आणि मी डोळे मिटून वाट बघायची,
आता पडेल, आता पडेल.
तो हात मी चाळीस वर्षं विसरले होते.
तो इथे, छातीच्या हाडामागे, कुणाच्या बोटांनी पडत होता?

सिव्हिलच्या शोशम्मा सिस्टर पायातले बूट न काढताच बसलेल्या.
मंदाकिनी तांडेलचा मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून
भिंतीशी उभा.
एटीएमचा रात्रपाळीवाला केव्हाच घोरायला लागला होता.
घोरणं खालचं असतं,
लहानूंना तेवढं ऐकू येत होतं.
त्यांनी ठेका मोडला
आणि त्याच्या श्वासामागून वाजवू लागले,
तो अडकला की थांबत,
तो सुटला की बोट टाकत.
मुलाने एक हात खाली घेतला.
एकच.
मंदाकिनीने तिकडे बघायचं टाळलं.

मग एक ठोका थप्प पडला,
ओल्या पुठ्ठ्यावर पडावा तसा.
कातडं गार झालं होतं.
इस्त्रीत राख, रामसमुझ कपडे पोचवायला गेलेला.
लहानू हसले, हलगी पालथी घातली.
संपलं का, हे कुणी विचारलं नाही.
कुणी उठलंही नाही.
घोरणं तेवढं चालू राहिलं
आणि आम्ही ते ऐकत बसलो
जणू तेच ऐकायला आलो होतो.

परत येताना तीन हात नाक्याच्या सिग्नलला
रिक्षात माझं लक्ष गेलं,
पर्सच्या कडेवर माझा अंगठा
थांबून थांबून दाबला जात होता.
मॅडम, सुट्टे आहेत ना?
हे त्याने दुसऱ्यांदा विचारलं म्हणे.
पहिलं मला ऐकू आलं नव्हतं.